मधलंच दिसत नसेल तर घरी डोळा असा तपासा

आमच्या अंबाजोगाईकडच्या शिबिरांत म्हातारी माणसं हमखास सांगतात, "मोतीबिंदू झालाय, पिकला की काढू." पण समोरच्याचा चेहरा पुसट आणि कडेचा दरवाजा, खुंटी मात्र नीट दिसत असेल, तर डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग बिघडलेला असू शकतो. वयानं होणाऱ्या या आजाराला डॉक्टर मॅक्युलर डिजनरेशन म्हणतात; त्याचे ओला आणि कोरडा असे दोन प्रकार. मोतीबिंदू काढून तो बरा होत नाही.

नातवाची गणिताची चौकटींची वही घ्या. पानाच्या मधोमध ठळक काळा ठिपका काढा. आजीला जवळचा चष्मा लावून पान ३० सेंटीमीटरवर, म्हणजे वीतभराहून थोडं लांब धरा. एक डोळा तळहातानं झाका, दाबू नका. नजर ठिपक्यावरच ठेवायला सांगून विचारा: रेघा वाकड्या दिसतात का? मधे डाग आहे का, एखादी चौकट गायब? मग दुसरा डोळा. दोन्ही उघडे ठेवले तर चांगला डोळा दुसऱ्याचं दुखणं झाकतो, म्हणून एकेकच.

रेघा नव्यानं वाकल्या तर दोन-तीन दिवसांत लातूरला किंवा संभाजीनगरला घाटी या सरकारी रुग्णालयात, पडदा तपासणाऱ्या डॉक्टरकडे न्या. ओल्या प्रकारात, म्हणजे पडद्याखाली रक्त-पाणी झिरपतं तेव्हा, डोळ्यात इंजेक्शन देऊन नजर टिकवता येते. गेलेली सहसा पूर्ण परतत नाही. कोरडा प्रकार सावकाश वाढतो. रेघा सरळ दिसल्या तरी साठीनंतर वर्षातून एकदा पडदा तपासून घ्याच. आणि बाबांची बिडी आजच बंद करा, धुरानं हा आजार बळावतो.