घरातलं वायरचं इंटरनेट आवारातल्या शेडपर्यंत कसं न्यायचं

शेडमध्ये वायफाय पोचत नाही म्हणून लोक आधी रिपीटर घेतात, पण भिंती मध्ये आल्या की स्पीड पडतोच, त्यापेक्षा सरळ केबल टाका. राउटर ते शेड अंतर नीट मोजा, वळणं आणि वर-खाली जाणारी वायर धरून. तांब्याच्या इथरनेट केबलची मर्यादा १०० मीटर, त्याच्या आत असाल तर कॅट ६ दर्जाची केबल पुरते, फक्त आउटडोअरवाली आणि शुद्ध तांब्याची घ्या, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त मिळते ती नको.

पण दोन इमारतींमध्ये मी तरी फायबरच (काचेच्या तंतूतून प्रकाशाने सिग्नल नेणारी केबल) टाका म्हणेन. काचेतून वीज वाहत नाही, त्यामुळे जवळपास वीज पडली किंवा दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये फरक असला तरी केबलमधून करंट येऊन राउटर जळत नाही. दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबरमधला सिग्नल इथरनेटमध्ये आणि उलट बदलणारा छोटा डबा) लावायचा, झालं. तयार कनेक्टरवाली केबल घेतलीत तर जोडकामही नाही, फक्त कनेक्टर जाईल एवढा रुंद पाइप हवा.

केबल जमिनीखाली पाइपातूनच न्या, लाइटच्या वायरी त्याच पाइपात अजिबात घालू नका, आणि आत एक जादा दोरी ओढून ठेवा, पुढे दुसरी केबल टाकायला उपयोगी पडते. खड्डा बुजवायच्या आधी लॅपटॉप लावून टेस्ट कराच!

शेडमध्ये जुना राउटर चालतो, त्याला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो घरच्याच नेटवर्कचं वायफाय पुढे देतो. तो मोड नसेल तर त्याचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) घरातल्या राउटरपेक्षा वेगळा करा, डीएचसीपी (इतर उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद करा आणि केबल लॅन पोर्टात लावा.