सामान लादल्यावर शंभराच्या पुढे बाइक डोलते?

मागचं चाक सावकाश डावी-उजवीकडे डोलू लागलं, की बहुतेक जण टायरला दोष देतात. आधी टॉपबॉक्स (सीटमागची सामानाची पेटी) उघडा. तो मागच्या ॲक्सलच्याही मागे आणि उंचावर असतो, त्यामुळे त्यातलं वजन पुढचं चाक हलकं करतं. बऱ्याच टॉपबॉक्सची मर्यादा जेमतेम ३ ते ५ किलो असते. तिथे रेनकोट, हातमोजे ठेवा. टूलकिट, पाण्याच्या बाटल्या, सुटे भाग सॅडलबॅगेत तळाशी, दोन्ही बाजूंना सारखे.

मग टायर थंड असताना हवा भरा, चेनकव्हर किंवा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर डबलसीटसाठी दिलेला आकडा बघून. मागच्या शॉकचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा आधीचा ताण, वाढवा. हे लोक हमखास विसरतात: मागची बाजू दबली की पुढचा फोर्क (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या) जास्त तिरपा होतो.

तरीही डोलते? पुढचं चाक उचलून फोर्कची खालची टोकं पुढे-मागे हलवा. ‘टक्’ जाणवलं तर बहुधा कोनसेट (हँडल ज्यावर वळतं ती बेअरिंग) ढिला आहे.

चालू गाडीत डोलणं सुरू झालं तर करकचून ब्रेक नको. हँडल सैल धरा, टाकीकडे झुका, थ्रॉटल हळूहळू सोडा.