आयव्हीएफनंतर दिवस गेले, आता पुढे काय करावे?

बीटा एचसीजीचा, म्हणजे गर्भधारणा दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा, आकडा चांगला आला आणि दोन-तीन दिवसांनी तो जवळपास दुप्पट झाला की उपचार संपल्यासारखे वाटते. पण फर्टिलिटी सेंटरच्या फेऱ्या थांबलेल्या आणि बाळंतपणाचे डॉक्टर अजून ठरलेले नाहीत, अशा या मधल्या आठवड्यांतच बऱ्याच गोष्टी निसटतात. या गर्भारपणात वेगळे असे मोजकेच असते. तेवढे काटेकोरपणे सांभाळावे आणि बाकीचे चारचौघींसारखे जाऊ द्यावे.

पहिले काम तारखेचे. सोनोग्राफीच्या काउंटरवर शेवटच्या पाळीची तारीख विचारतात. तिथे ट्रान्सफरची, म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडल्याची, तारीख आणि भ्रूण कितव्या दिवसाचे होते, हे आपणहून सांगावे. पाचव्या दिवसाचे भ्रूण सोडले असेल तर त्या दिवशी गर्भारपण दोन आठवडे पाच दिवसांचे धरतात आणि प्रसूतीची अपेक्षित तारीख त्यानंतर २६१ दिवसांनी येते. तिसऱ्या दिवसाच्या भ्रूणासाठी हाच हिशेब २६३ दिवसांचा आहे. म्हणजे १ मार्चला पाचव्या दिवसाचे भ्रूण सोडले असेल तर तारीख १७ नोव्हेंबर येईल. ती फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवावी, कारण बाळाची वाढ आणि शेवटी दिवस उलटले की नाहीत, हे सारे तिच्यावरून ठरते.

फर्टिलिटी सेंटर सोडताना लेखी सारांश मागून घ्यावा. त्यात किती भ्रूणे सोडली, ती ताजी की फ्रोझन, कोणती औषधे किती मात्रेत चालू आहेत आणि स्त्रीबीज काढताना वय किती होते, हे असावे. अकरा ते चौदा आठवड्यांमधील एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागची जाडी पाहणारी सोनोग्राफी) आणि डबल मार्कर या रक्ततपासणीमध्ये डाउन सिंड्रोमची शक्यता स्त्रीबीजाच्या वयावरून काढली जाते. स्त्रीबीज चौतिसाव्या वर्षी काढले आणि दिवस अडतिसाव्या वर्षी गेले, तर हिशेबाला चौतीस धरायला हवे. दात्याचे बीज असेल तर दात्याचे वय. हे घरच्यांना सांगितलेले नसेल आणि सासूबाई सोबत आल्या असतील, तर डॉक्टरांशी दोन मिनिटे एकटीने बोलावे, पण डॉक्टरांपासून ते लपवू नये.

प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भ टिकवायला मदत करणारे हार्मोन, स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये. हार्मोनच्या गोळ्या देऊन गर्भाशय तयार केलेल्या फ्रोझन सायकलमध्ये (गोठवलेले भ्रूण सोडले जाते तेव्हा) बीजकोषाकडून हे हार्मोन मिळत नाही, त्यामुळे वार (प्लॅसेंटा) ते काम हाती घेईपर्यंत, म्हणजे साधारण दहा ते बारा आठवड्यांपर्यंत, बाहेरून मिळणाऱ्या औषधावरच भिस्त असते. ते कधी थांबवायचे, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. योनीमार्गे ठेवायच्या कॅप्सूलमुळे किंचित डाग दिसू शकतो. तसे झाल्यास फोन करावा, मात्र औषध चालूच ठेवावे. भरपूर रक्तस्राव, एका बाजूला तीव्र कळ किंवा चक्कर आल्यास वेळ न दवडता रुग्णालय गाठावे, कारण आयव्हीएफनंतरही गर्भ नळीत रुजू शकतो आणि सहा-सात आठवड्यांची सोनोग्राफी मुख्यतः त्यासाठीच चुकवायची नसते. ट्रान्सफर ताज्या भ्रूणाचे असेल तर पोट झपाट्याने फुगणे, धाप लागणे आणि लघवी कमी होणे, याकडेही लक्ष ठेवावे.

अंथरुणाला खिळून राहण्याचा सल्ला घरोघरी मिळतो. जिना चढल्याने भ्रूण निसटत नाही. उलट सतत पडून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो.

या गर्भारपणात रक्तदाब वाढणे, मधुमेह होणे आणि वार खाली असणे, हे नेहमीपेक्षा काहीसे अधिक आढळते. जुळे असेल तर आणखी. म्हणून कमी मात्रेची ॲस्पिरिन आपल्याला लागेल का, हे सोळा आठवडे उलटण्याआधीच विचारावे. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेल्या चाचणीत रक्तातील साखर १४० किंवा त्यापुढे गेली, तर आहाराची शिस्त त्याच आठवड्यात सुरू करावी, डोहाळजेवणाचे पेढे होईपर्यंत थांबू नये.

‘प्रेशियस बेबी आहे, सिझेरियनच करू’ हे वाक्य कानी पडेल. केवळ आयव्हीएफ झाले हे सिझेरियनचे कारण होत नाही (मौल्यवान नसलेले बाळ कोणते, हा प्रश्न मनात आला तरी हरकत नाही). वैद्यकीय कारण कोणते, ते स्पष्ट विचारावे.

बाळंतपणानंतर दूध येण्यात उपचारांमुळे अडचण येते, असे मानू नये. पहिल्या तासात बाळाला छातीशी घ्यावे. जड जाते ते मन. इतक्या वर्षांनी पाळणा हलला, आता रडायचे कशाला, असे बाईला इतरांआधी स्वतःलाच वाटते, आणि म्हणून ती बोलत नाही. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप बाळ झोपले असतानाही लागेनाशी झाली किंवा बाळाजवळ जावेसेच वाटेना, तर डॉक्टरांना सांगावे. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक मराठीतही उपलब्ध आहे. नवऱ्याने हा क्रमांक आपल्याही फोनमध्ये ठेवावा.

पाळी सुरू होण्याआधीही दिवस जाऊ शकतात आणि आयव्हीएफ लागलेल्या जोडप्यांनाही ते आपसूक जातात, तेव्हा सहाव्या आठवड्याच्या तपासणीत गर्भनिरोधकाचा विषय काढावा. उरलेली भ्रूणे गोठवलेली असतील तर सेंटरचे नूतनीकरणाचे पत्र बाजूला पडू देऊ नये. २०२१च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्यानुसार ती जास्तीत जास्त दहा वर्षे साठवता येतात. दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर ही मुदत आणि आपले वय, दोन्ही समोर ठेवून डॉक्टरांशी बोलावे.