मिठाच्या मैदानावर वेगाची शर्यत: ट्रॅकच्या खुणा लावताना या चुका टाळा

अमेरिकेत युटा राज्यातल्या बोनव्हिल साल्ट फ्लॅट्सवर 1949 पासून ‘स्पीड वीक’ भरतो. ऑस्ट्रेलियात लेक गेर्डनरच्या मिठावरही अशाच शर्यती होतात. इथे गाड्या एकमेकींशी झुंजत नाहीत. एका वेळी एकच गाडी सरळ रेषेत सुटते आणि ठरावीक मैलात तिचा वेग मोजला जातो. वळण नाही, कठडा नाही, झाड नाही. ट्रॅकजवळ उभं असतं ते आयोजकांनीच आणून लावलेलं सामान: मैलांच्या पाट्या, शंकूच्या आकाराचे कोन, झेंडे, वेळ मोजणारे दिवे. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. गाडी भरकटली तर तिने कशावर आदळायचं, हे आपणच आधी ठरवून ठेवलेलं असतं. तेव्हा प्रत्येक खूण लावताना दोन प्रश्न विचारा. ही लांबून दिसेल का? आणि हिला धडक बसली तर काय होईल? बहुतेक ठिकाणी पहिल्या प्रश्नावरच काम थांबतं.

चूक पहिली: वाऱ्यात टिकावी म्हणून पाटी भक्कम करणं

ही चूक कामचुकारपणातून होत नाही, उलट मनापासून काम करणाऱ्यांकडूनच होते. मैदानावर वारा सुटला की पाट्या आडव्या होतात. मग कोणीतरी प्लायवूड आणतो, मागे लोखंडी अँगल लावतो, सळई ठोकतो, तारेने आवळतो. आता पाटी वादळातही हलणार नाही. आणि नेमका तिथेच धोका आहे.

हिशोब करून बघा. चार फूट बाय चार फूट, 12 मिलिमीटर जाडीचा प्लायवूड दहा किलोच्या आसपास भरतो. ताशी 400 किलोमीटरने येणारी गाडी त्यावर आदळली, तर त्या धडकेत जितकी ऊर्जा असते तितकीच हजार किलोची मोटार ताशी 40 किलोमीटरने भिंतीवर आदळल्यावर असते. फरक इतकाच की इथे ती सगळी पाटीच्या एका कोपऱ्यातून गाडीच्या काचेवर, टायरवर किंवा मोटारसायकलस्वाराच्या छातीवर येते. सळई आणि अँगल यात धरलेलेच नाहीत.

त्याच आकाराची सनपॅक शीट घ्या. निवडणुकीच्या आणि क्लासेसच्या पाट्यांना वापरतात तीच, आत पोकळ नळ्या असलेली प्लास्टिकची शीट. तिचं वजन एक किलोच्याही आत राहतं, म्हणजे धडकेची ऊर्जा दहाव्या हिश्शाहूनही कमी. त्याहून चांगलं म्हणजे जाळीदार फ्लेक्स. वारा छिद्रांतून निघून जातो, त्यामुळे कापड शिडासारखं फुगत नाही आणि भक्कम चौकटीची गरजच उरत नाही. पाटी वाऱ्याला थोपवून धरते म्हणून तिला लोखंड लागतं. वाऱ्याला वाट दिली की लोखंड आपोआप गळतं.

दांड्याबाबतही सावध राहा. ‘हलकं आहे ना, मग चालेल’ म्हणून पीव्हीसी पाइप वापरतात. तो उन्हात कडक होतो आणि फुटला की सुरीसारखे तुकडे पडतात. फायबरग्लासची काठी मोडली की तिचे उभे भाले होतात. बंद गाडीतला चालक कदाचित वाचेल, पण मोटारसायकलवाल्याच्या अंगावर चामड्याचा सूट आणि डोक्यावर हेल्मेट एवढंच असतं. पाण्याच्या नळाला गुंडाळतात तसल्या जाड फोमच्या नळ्या किंवा दाट फोमचा ठोकळा आणि त्यात खोचलेलं कापड, हा माझ्या मते सगळ्यात बरा पर्याय आहे. दिसायला तो साधाच दिसतो, तरी तोच निवडा.

विमानतळावर हा विचार केव्हाच रुजला आहे. धावपट्टीच्या कडेचे दिवे आणि पाट्या मुद्दाम कमकुवत जोडावर बसवतात. विमानाचा धक्का लागला की जोड तुटतो आणि वरचा भाग निखळतो. मुंबईला उतरताना खिडकीतून दिसणारे ते छोटे दिवे याच नियमाने बसवलेले असतात.

मेख आणि मिठाचा थर

मिठाचा थर वरून सिमेंटसारखा दिसतो. त्यात मेख ठोकायला लागलात की पहिल्या काही घावांना ती नुसती उसळते, मग थर एकदम कडकन फुटतो आणि मेख खालच्या ओल्या चिखलात सरकन जाते. भोवती बोटभर लांबीच्या भेगा पडतात. थोड्या वेळाने भोकातून खारं पाणी वर येतं. बोनव्हिलला हा थर वर्षानुवर्षं पातळ होत गेला आहे. मीठ ओलं आणि खराब असल्यामुळे 2014 आणि 2015 असे लागोपाठ दोन ‘स्पीड वीक’ रद्द करावे लागले होते. अशा ठिकाणी प्रत्येक भोक हे नुकसानच आहे.

मेख लागणारच असेल तर आधी ड्रिलने भोक पाडा आणि डोकं मिठाच्या पातळीत किंवा किंचित खाली जाईपर्यंत ती आत घाला. वर बोटभर उरलेली सळईसुद्धा टायर फाडते. वर डोकं काढून ‘उद्या काढायला सोपं जाईल’ म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा. पाटी आणि मेख यांच्यात बारीक केबल टाय किंवा वेल्क्रोचा कमकुवत जोड ठेवा. स्टीलची तार अजिबात नको. वेग कमी करायला गाड्या मागे पॅराशूट सोडतात. आडव्या वाऱ्यात ते बाजूला सरकतं आणि त्याच्या दोऱ्या उभ्या तारेत अडकू शकतात.

मेखेऐवजी वजन ठेवायचं तर दगड किंवा सिमेंटचे ठोकळे नकोत, चपट्या मऊ पिशव्या घ्या. आणि त्यांत गोडं पाणी भरू नका. पिशवी गळली की खालचं मीठ विरघळून खड्डा पडेल. मैदानातलंच खारं पाणी मिठाने आधीच संपृक्त झालेलं असतं, ते गळलं तरी थर खात नाही.

चूक: पाटी जवळ लावली की नीट वाचता येईल, असं मानणं

हे ऐकायला पटतं, पण भूमिती वेगळं सांगते. ताशी 400 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 111 मीटर. आकडा ओळखायला चालकाला तीन सेकंद द्यायचे, तर तो पाटीपासून 330 मीटरवर असतानाच वाचता आला पाहिजे. रस्त्यावरच्या पाट्यांसाठी एक ठोकताळा वापरतात: 30 फुटांमागे 1 इंच उंचीचं अक्षर. त्या हिशोबाने इथे आकडा जवळजवळ तीन फूट उंच हवा. कागदावर छापून चिकटवलेला हातभर आकडा या वेगाला निरुपयोगी आहे.

आता पाटी ट्रॅकच्या मधल्या रेषेपासून 12 मीटरवर आहे की 30 मीटरवर, याने वाचण्याचं अंतर किती बदलतं? 330 मीटरवरून बघताना जेमतेम एक मीटर. पाटी लांब सरकवल्याने वाचण्यात काहीच तोटा होत नाही, आणि भरकटलेल्या गाडीला मात्र 18 मीटर जास्त मोकळी जागा मिळते. इतकी स्वस्त सुरक्षितता दुसरी नाही. तरीही पाट्या ट्रॅकला खेटून लावल्या जातात, कारण लावणारा पिकअपमधून सावकाश जाताना त्या वाचून बघतो. चालकाच्या उंचीवर बसून बघा. स्ट्रीमलायनरमध्ये, म्हणजे वेगासाठीच बनवलेल्या लांबट, बुटक्या बंद गाडीत, चालक जवळजवळ आडवा झोपलेला असतो, समोर चिंचोळी काच असते आणि गाडी थरथरत असते.

खालच्या खुणा नाहीशा होतात

कच्छच्या पांढऱ्या रणात भर दुपारी उभं राहिलेल्यांना हे लगेच कळेल: लांबचं सगळं पाण्यात बुडाल्यासारखं दिसतं. तापलेल्या मिठावर मृगजळ तयार होतं आणि जमिनीलगतच्या वस्तूंचा खालचा भाग गिळून टाकतं. त्यात पृथ्वीच्या गोलाईची भर. डोळे जमिनीपासून 70 सेंटिमीटरवर असतील तर क्षितिजच 3 किलोमीटरवर येतं. बोनव्हिलचा लांब ट्रॅक 5 मैल, म्हणजे 8 किलोमीटर असतो. सुरुवातीला उभ्या चालकाला शेवटचे छोटे कोन दिसणं शक्यच नाही. ‘चालक सरळ रेषेत राहत नाही’ अशी तक्रार आली तर दोष चालकाला देण्याआधी खुणांची उंची तपासा. थोड्याच पण उंच, हलक्या कापडी खुणा या ठेंगण्या कोनांच्या लांब रांगेपेक्षा कितीतरी चांगल्या. मिठावर आखलेली काळी रेघ ही बोनव्हिलची जुनी पद्धत आहे आणि तिच्यावर आदळून कोणालाही काही होत नाही. मात्र रेघेसाठी काय वापरायचं याची परवानगी आधी घ्या. लेक गेर्डनर हे राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथल्या आदिवासींसाठी पवित्र जागा. तिथल्या मिठावर तेलाचा थेंबही सांडू नये.

रंगाबाबत थोडक्यात: पांढरा आणि पिवळा रंग विसरा. झगझगीत केशरी आणि काळा एकत्र वापरा. सकाळी सूर्य समोर असताना रंग मरतात, नुसती काळी आकृती उरते, म्हणून आकारही वेगवेगळे ठेवा. उजवीकडे त्रिकोण, डावीकडे चौकोन असं काहीतरी. गाडी गिरकी घेऊन मिठाच्या धुरळ्यात थांबली की आपलं तोंड कुठे आहे हे चालकाला त्यावरून कळतं. लाल आणि हिरव्याच्या फरकावर तर काहीच सोडू नका, तो ओळखता न येणारे पुरुष कमी नाहीत.

दोन दिशा, दोन ट्रॅक

एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटार संघटनेच्या विक्रमासाठी एका तासाच्या आत उलट सुलट अशा दोन्ही दिशांनी धाव घ्यावी लागते आणि सरासरी धरली जाते. पाटी एकाच बाजूने छापली असेल तर परतीच्या धावेत चालकाला कोऱ्या पाट्या दिसतील. शेजारी दुसरा ट्रॅक किंवा परतीचा रस्ता असेल तर त्याच्या खुणा आकाराने आणि रंगाने पूर्ण वेगळ्या हव्यात.

ट्रॅक संपला की खुणाही संपल्या, असं समजणं

15 ऑक्टोबर 1964 रोजी बोनव्हिलला अमेरिकन चालक क्रेग ब्रीडलव्हने ताशी 526 मैलांचा विक्रम केला. त्याच धावेत त्याचे पॅराशूट निकामी झाले, ब्रेक जळाले. गाडी मैलोन्‌मैल तशीच पुढे गेली, टेलिफोनचा खांब उडवून खाऱ्या पाण्याच्या तळ्यात पडली. तो पोहून बाहेर आला. वेग मोजायची रेषा ओलांडल्यानंतरच गाडी सर्वांत असहाय असते. म्हणून मोजणीनंतरच्या मैलांतही खुणा हव्यात, त्या आधीच्यांइतक्याच मऊ हव्यात, आणि ट्रॅकच्या सरळ रेषेत पुढे स्वयंसेवकांच्या गाड्या, तंबू, पाण्याची पिंपं असलं काही असता कामा नये. सावली मिळावी म्हणून पाटीशेजारी गाडी लावून बसणारे स्वयंसेवक सगळीकडे असतात. मग मऊ पाटीचा उपयोगच राहत नाही.

वेळ मोजणारे दिवे ट्रॅकजवळ ठेवावेच लागतात. निदान बॅटरी आणि जड खोकी दूर ठेवा, वायर जमिनीलगत न्या, आणि वर फक्त हलका सेन्सर राहील असं बघा.

एखादी खूण उडाली तर

पुढची गाडी सोडू नका. नुसत्या वाऱ्याच्या झोताने पडलेली असली तरीही. पाटीचे सगळे तुकडे, टाय आणि पट्ट्या वेचा, मेखेचं डोकं वर आलंय का ते हाताने चाचपून बघा, भेगा पडल्या असतील तर नवी खूण जरा पुढे बसवा आणि जुन्या जागेची नोंद करा. कोणत्या मैलावर, कोणत्या बाजूला, कशाने पडली हे वहीत लिहा. एकच खूण वारंवार पडत असेल तर तिथे आडवा वारा आहे किंवा ट्रॅकला चर पडले आहेत, आणि चालकांना ते पुढच्या धावेआधी सांगितलं पाहिजे. किती मेखा आत गेल्या याचा आकडा पहिल्या दिवशीच त्याच वहीत टाका. शेवटच्या दिवशी तेवढ्याच बाहेर आल्याशिवाय मैदान सोडू नका.