दूषित भूजलाच्या सफाईचा पर्याय निवडताय? या चुका टाळा

कारखान्याखालचं भूजल बिघडलं की सफाईचे पर्याय तोलणारा अहवाल तयार होतो. असे अहवाल तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली. चुका त्याच त्याच असतात आणि बहुतेकींचं मूळ एकच आहे: मोजणी पाण्याची होते, पण घाण बसलेली असते मातीत.

आकडा खाली आला म्हणून पंप बंद करणं

ही चूक मी स्वतः केली आहे. एका कारखान्यात यंत्रांच्या सुट्या भागांवरचं ग्रीस काढायला ट्रायक्लोरोइथिलीन वापरायचे. त्याला सगळे टीसीईच म्हणतात. टाकी गळत होती आणि ते वर्षानुवर्षं जमिनीत मुरत गेलं. उपाय म्हणून बोअरमधून पाणी उपसायचं, टॉवरमध्ये त्यातून हवा सोडून टीसीई उडवायचं आणि पाणी पुढे सोडायचं, अशी व्यवस्था बसवली होती. दोन वर्षांत सगळ्या निरीक्षण बोअरमधलं प्रमाण लिटरला ५ मायक्रोग्रॅमच्या खाली आलं. अमेरिकेत पिण्याच्या पाण्याला हीच मर्यादा आहे. कंपनीला विजेचं बिल नको होतं, मलाही आकडे बघून समाधान वाटलं, आणि मी पंप बंद करायला होकार दिला. आठ महिन्यांत प्रमाण पुन्हा मर्यादेच्या कितीतरी वर गेलं.

वाळूच्या थराखाली चिकणमाती होती. गळती चालू असताना टीसीई हळूहळू त्या मातीत शिरलं होतं. पंप ओढतो ते वाळूतलं पाणी. चिकणमातीतलं पाणी जागचं फारसं हलत नाही. पंप चालू असेतो वाळूतून ताजं पाणी भराभर वाहतं, त्यामुळे मातीतून परत झिरपणारं टीसीई त्यात पातळ होऊन जातं. पंप थांबला, पाणी रेंगाळलं, की तेच झिरपणं आकड्यात दिसायला लागतं. याला रीबाउंड म्हणतात. अशा जागी जितकी वर्षं टीसीई आत शिरत होतं, त्याहून जास्त वर्षं ते बाहेर येत राहू शकतं.

तेव्हापासून माझा नेम ठरला आहे. पंप थांबवला तरी तो काढायचा नाही. पाण्याची पातळी एकदा पूर्ण चढून उतरेपर्यंत, म्हणजे निदान वर्षभर, नमुने घेत राहायचं. आणि पर्यायांची तुलना सुरू करायच्या आधी चिकणमातीचा सलग गाभा, म्हणजे जमिनीतून उभा काढलेला मातीचा अखंड नमुना, काढून दर थोड्या सेंटीमीटरवरची माती तपासायची. हा खर्च जास्त वाटतो म्हणून तो सगळ्यात आधी कापला जातो, याचा मला मनापासून राग येतो. गाभा काढताना मात्र थर आरपार भोकसू नका. शुद्ध टीसीई पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड असतं. ते थरावर साचलेलं असेल तर तुमच्याच भोकातून खालच्या स्वच्छ पाण्यात उतरेल.

ते साचलंय की नाही याचा अंदाज असा येतो: लिटरभर पाण्यात टीसीई एक ग्रॅमच्या थोडं वर विरघळतं. बोअरमध्ये त्याचा शंभरावा भाग, म्हणजे १० मिलिग्रॅमच्या आसपास सापडला, तर जवळपास कुठेतरी शुद्ध द्रव दडलेलं आहे असं मी धरून चालतो.

परमँगनेट ओतलं की काम झालं, असं समजणं

परमँगनेट हे जांभळ्या रंगाचं रसायन जमिनीत सोडतात, ते ऑक्सिडीकरणाने टीसीई तोडतं. नव्या लोकांचा हा आवडता पर्याय, कारण कागदावर तो काही महिन्यांत संपतो. पण परमँगनेट टीसीई शोधत फिरत नाही. मातीतला सेंद्रिय अंश आणि काही खनिजंही परमँगनेट खाऊन टाकतात, कधी कधी बहुतांश. म्हणून त्याच जागेची माती घेऊन ती किती परमँगनेट पिते हे प्रयोगशाळेत आधी बघा. दुसऱ्या साइटचा आकडा उचलू नका. मातीत क्रोमियम असेल तर ते ऑक्सिडीकरणाने हेक्साव्हॅलंट, म्हणजे त्याच्या विषारी रूपाचं, होऊन पाण्यात सुटू शकतं, म्हणून त्याची चाचणी आधीही हवी आणि नंतरही.

आणखी एक बारीक गोष्ट. जांभळी छटा असलेला नमुना तसाच लॅबला पाठवला तर बाटलीतही अभिक्रिया चालू राहते आणि रिपोर्ट खोटा स्वच्छ येतो. मी जागेवरच ॲस्कॉर्बिक ॲसिड घालून ती थांबवतो. "शून्य" आलेले असे रिपोर्ट अहवालात जोडलेले मी पाहिले आहेत, आणि त्यांवर निर्णयही झालेले.

जिवाणूंवर सोपवून फक्त टीसीई मोजणं

जमिनीतले काही जिवाणू टीसीई तोडतात. ते तुटून आधी डायक्लोरोइथिलीन होतं, मग व्हिनाइल क्लोराइड आणि शेवटी निरुपद्रवी इथीन. योग्य जिवाणू नसतील तर साखळी मध्येच अडकते. टीसीई घटल्याचा आनंद होतो आणि इकडे व्हिनाइल क्लोराइड साचतं, जे माणसात कर्करोग करतं हे सिद्ध आहे. इथीन दिसेपर्यंत मी काम झालं असं म्हणत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात:

चिकणमातीत हवा फुंकण्याचा पर्याय धरू नका. हवा दोनचार वाटा पकडून निघून जाते, बाकी माती तशीच राहते.

व्हिनाइल क्लोराइडसाठी कार्बनच्या फिल्टरवर विसंबू नका, तो ते नीट धरत नाही.

जुन्या कागदांत ट्रायक्लोरोइथेन (हे टीसीई नव्हे, ग्रीस काढायचं दुसरं द्रावक) दिसलं तर १,४-डायऑक्झेन तपासा. ते त्यात स्थिरकारक म्हणून मिसळत, आणि टॉवर किंवा कार्बन दोन्हींनी ते जेमतेमच निघतं.

लांब जाळीच्या (ज्यातून पाणी आत येतं तो पाइपचा भोकांचा भाग) एकाच बोअरवर भरवसा ठेवू नका. घाण आणि स्वच्छ थरांचं पाणी त्यात मिसळून आकडा सौम्य दिसतो.

"नैसर्गिक घट होऊ द्या" हा पर्याय निवडलात तर नमुन्यांचा खर्च पुढच्या कित्येक वर्षांचा धरा. आणि कोणताही पर्याय असो, नुसत्या उभारणीच्या खर्चावर तुलना केलेला तक्ता मी परत पाठवतो. त्यात वीज, कार्बन बदलणं, लोह साचून तुंबणाऱ्या टॉवरची सफाई आणि बोअरची दुरुस्ती तीस वर्षांची लिहून आणायला सांगतो.