मूल पुन्हा चड्डीत शू करू लागले? या चुका टाळा

सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ दिवसा कोरडे राहिलेले चार-पाच वर्षांचे मूल एकाएकी चड्डी ओली करू लागले, की घरात साधारणपणे दोन मते पडतात. कोणी म्हणते, 'हा मुद्दाम करतोय', आणि आजी म्हणतात, 'अगं, लहान आहे, होईल आपोआप बंद'. मूल मुद्दाम असे क्वचितच करते, त्यामुळे पहिले मत बहुतेक वेळा चुकीचे ठरते. आजींचे म्हणणे पुष्कळदा खरे निघते. मात्र त्यावर विसंबण्यापूर्वी लघवीची एक साधी तपासणी झालेली असावी.

तपासणी लांबवणे

मूत्राशयाच्या जंतुसंसर्गात लहान मुलांना ताप येतोच असे नाही. कधी जळजळ होते, कधी लघवीला उग्र वास येतो, आणि कधी चड्डी ओली होणे हे एकच लक्षण दिसते. म्हणून 'ताप नाही, म्हणजे संसर्ग नाही' असा निष्कर्ष काढू नये. नमुना घेताना जागा साध्या पाण्याने धुवावी, सुरुवातीची थोडी धार सोडून द्यावी आणि मधली लघवी लॅबने दिलेल्या निर्जंतुक डबीत घ्यावी. ती तासाभरात पोहोचवणे शक्य नसेल, तर डबी फ्रीजमध्ये ठेवावी. घरात उरलेले प्रतिजैविक आधी देऊन नंतर नमुना पाठवणे ही या प्रकरणातली सर्वांत महाग पडणारी चूक होय, कारण मग कल्चरमध्ये (लघवीतले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याच्या तपासणीत) जंतू वाढत नाहीत आणि आजार असूनही अहवाल कोरा येतो. कल्चरच्या अहवालाला एक-दोन दिवस लागतात. मात्र पू-पेशी आणि साखर यांचा अंदाज त्याच दिवशी मिळतो.

साखरेचा उल्लेख मुद्दाम केला आहे. मूल सतत पाणी मागत असेल, रात्री उठून पीत असेल, खाऊनही वाळत चालले असेल आणि त्यातच चड्डी किंवा अंथरूण ओले होऊ लागले असेल, तर तो लहान मुलांना होणारा पहिल्या प्रकारचा मधुमेह असू शकतो. बोटातून रक्ताचा थेंब काढून साखर पाहायला मिनिटभर लागते. त्या मुलाला उलट्या, पोटदुखी, जोरजोराने श्वास किंवा गुंगी दिसली, तर सकाळची वाट न पाहता वडोदऱ्याच्या सयाजी रुग्णालयात किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात तातडीने न्यावे.

बद्धकोष्ठ ओळखता न येणे

माझ्या मते सर्वांत जास्त वेळा हुकणारे कारण हेच आहे. गुदाशय मूत्राशयाच्या अगदी मागे असतो. तो घट्ट मळाने भरला, की मूत्राशयाला फुगायला जागा उरत नाही, तो अवेळी आकुंचन पावतो आणि मुलाला धावायलाही सवड मिळत नाही. पाच वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात मुळात सुमारे 180 मिलीलिटर, म्हणजे एका लहान पेल्याएवढीच लघवी मावते, आणि त्यात मागून दाब आला तर काय होईल हे सांगायला नको. पालकांना विचारले तर ते 'रोज होते की' असे उत्तर देतात. परंतु रोज थोडीशी शी होऊनही बाकीची आत साठत राहू शकते. लेंड्यांसारखी कोरडी शी, चार-पाच दिवसांतून एकदा होणारी खूप मोठी शी, पाय आवळून कोपऱ्यात उभे राहणे किंवा चड्डीला लागलेले डाग (जे 'नीट धूत नाही' म्हणून रागावण्याचे निमित्त होतात) या सर्व खुणा बद्धकोष्ठाच्या आहेत.

दिवसभर दूध-बिस्किटे, संध्याकाळी शेव-उसळीतला पाव आणि रविवारी फाफडा-जलेबी असा आहार असेल, तर भाजी, फळे आणि पाणी वाढवणे आवश्यकच आहे. पण एकदा साठलेला मळ केवळ आहाराने निघत नाही. त्यासाठी डॉक्टर मल मऊ करणारे औषध देतात. जेवणानंतर मुलाला पाच-दहा मिनिटे शौचाला बसवावे. कमोडवर पाय लोंबकळत असतील, तर पायांखाली पाट द्यावा, कारण अधांतरी बसलेल्या मुलाला पोटाचे स्नायू सैल सोडता येत नाहीत.

पाणी तोडणे आणि सारखे विचारणे

'पाणीच कमी दिले तर शू कमी होईल' हा हिशेब उलटा पडतो. घट्ट झालेली लघवी मूत्राशयाला चाळवते, संसर्गाला वाव मिळतो आणि बद्धकोष्ठ वाढते. वडोदऱ्याच्या मे महिन्यात तर हा प्रयोग धोक्याचाच आहे. कमी करायचेच असेल, तर बशीतला चहा आणि कोला बंद करावा.

'शू लागली का?' या प्रश्नाला खेळात रमलेले मूल नेहमी 'नाही' म्हणते. प्रश्न न विचारता दर दोन-अडीच तासांनी त्याला घेऊन जावे. उत्तरायणाला सकाळपासून गच्चीवर असलेली मुले पतंग सोडून खाली येत नाहीत, आणि नवरात्रात गरब्याच्या मैदानावर चणिया-चोळीची नाडी सोडायचा मुलींना कंटाळा येतो. त्या दिवसांत ही जबाबदारी मोठ्यांनीच घ्यावी. शाळेतही अडचण असू शकते. शौचालयाची कडी लागत नाही, आत ओले असते किंवा तासाच्या मध्ये जायला परवानगी मिळत नाही, म्हणून मूल घरी येईपर्यंत रोखून धरते आणि दारात येताच सुटते. बाईंना भेटून, परवानगी न विचारता शौचालयात जाण्याची मुभा मुलासाठी मागावी.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहावी. घाईने, गुडघे जुळवून बसल्यास थोडी लघवी योनिमार्गात शिरते आणि उठल्यावर पाच-दहा मिनिटांनी चड्डीत ठिबकते. चड्डी घोट्यापर्यंत उतरवून आणि पाय फाकवून बसायला शिकवले, की हा प्रकार बहुधा थांबतो. तेथे साबण किंवा जंतुनाशक चोळू नये. त्वचा चुरचुरली, की मुली लघवी रोखू लागतात. रात्री खाज येत असेल, तर जंतांची शंका घ्यावी.

लाज वाटेल असे बोलणे

पाहुण्यांसमोर सांगणे, धाकट्या भावंडाशी तुलना करणे किंवा शिक्षा म्हणून डायपर बांधणे यांनी मूल लपवायला शिकते, आणि ओल्या चड्ड्या कपाटामागे सापडू लागतात. घरात नवे बाळ येणे, घर बदलणे, आजोबांचे जाणे किंवा आई-वडिलांचे भांडण यांनीही काही काळ असे घडते. अशा वेळी कपडे शांतपणे बदलून विषय संपवावा. मात्र मूल एखाद्या विशिष्ट व्यक्तीजवळ जायला घाबरू लागले असेल किंवा गुप्तांगाला दुखत असेल, रक्त दिसत असेल, तर लैंगिक अत्याचाराची शक्यता नाकारू नये. 1098 ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे, आणि तपासणी डॉक्टरांकडूनच करून घ्यावी.

डॉक्टरांकडे मोकळ्या हाताने जाणे

दोन-तीन दिवस वहीत वेळा लिहाव्यात: कधी शू केली, मापाच्या पेल्यात किती भरली, कधी ओले झाले, शी कशी झाली. दिवसा दर पंधरा मिनिटांनी जाणारे मूल रात्री निवांत झोपत असेल आणि तपासणी स्वच्छ असेल, तर तो त्रास बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप ओसरतो; हे वहीवरूनच कळते. सतत थेंब-थेंब गळणे, धार बारीक होणे, पाय ओढत चालणे, पाठीच्या खालच्या टोकाला खळगा किंवा केसांचा झुपका असणे यांपैकी काही दिसले, तर तेही सांगावे, कारण अशा वेळी मज्जारज्जूची तपासणी करावी लागते.

बद्धकोष्ठाचे औषध सुरू झाल्यावर आठवड्याभरात चड्डी कोरडी राहू लागली, म्हणून ते बंद करणे ही शेवटची चूक. ताणलेला गुदाशय पूर्ववत व्हायला कित्येकदा महिने लागतात, आणि तोवर मात्रा कमी करायची ती डॉक्टरांना विचारूनच.