घरातील कोणी गर्द किंवा एमडीच्या आहारी गेल्यास काय करावे

मुलगा गर्द (अफूपासून बनणारे अशुद्ध हेरॉइन, ब्राउन शुगर) ओढतो हे कळताच अनेक घरांत पहिला उपाय केला जातो तो त्याला खोलीत कोंडण्याचा. हा प्रश्न आपल्याच घरापुरता आहे असे समजून कुटुंब गप्प बसते, मात्र २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या सर्वेक्षणानुसार देशात सुमारे २.२६ कोटी लोक अफूजन्य पदार्थांचे सेवन करत होते. म्हणून लपवाछपवीत वेळ न घालवता, तो शुद्धीवर व शांत असताना त्याच्याशी बोला आणि काय, किती व किती दिवसांपासून घेतो हे विचारून घ्या, कारण डॉक्टरांना सर्वांत आधी हीच माहिती लागते.

नशा घरच्या घरी एकदम तोडू नका. गर्द बंद झाल्यावर येणाऱ्या त्रासाला व्यसनी ‘टर्की’ म्हणतात. त्यात नाक-डोळे वाहतात, हाडे दुखतात, उलट्या-जुलाब होतात आणि झोप उडते. औषधांनी हा त्रास बराच कमी करता येतो. दारू किंवा झोपेच्या गोळ्यांची दीर्घकाळची सवय अचानक थांबवल्यास मात्र झटके व वाताचा भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो, आणि अनेक जण गर्दाच्या जोडीला हेही घेत असतात. एमडी (मेफेड्रोन हा उत्तेजक अमली पदार्थ) थांबवल्यावर बहुधा खोल नैराश्य येते. त्या काळात त्याला एकटे सोडू नये.

उपचारांसाठी १४४४६ या राष्ट्रीय मदतवाहिनीवर विचारता येते. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र हे काम करत आहे. कोणतेही केंद्र निवडताना त्याची नोंदणी आहे का, मानसोपचारतज्ज्ञ प्रत्यक्ष येतात का, नातेवाइकांना भेटू देतात का, हे स्वतः जाऊन पाहावे. मारहाण करून व्यसन सोडवणाऱ्या ठिकाणी रुग्ण ठेवू नये, हे मी आग्रहाने सांगतो. पोलिसांच्या भीतीने उपचार टाळणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की, सेवन किंवा अल्प प्रमाणात पदार्थ बाळगणे एवढाच आरोप असलेली व्यसनी व्यक्ती सरकारी वा मान्यताप्राप्त संस्थेत स्वेच्छेने उपचार घेत असेल, तर अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४अ नुसार तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार अर्धवट सोडल्यास ते काढून घेता येते.

खरा धोका केंद्रातून घरी परतल्यानंतरचा आहे आणि त्याबद्दल कुटुंबांना फारच कमी सांगितले जाते. काही आठवडे गर्दापासून दूर राहिल्यावर शरीराची सहनशक्ती घटते. अशा वेळी पाय घसरून पूर्वीइतकाच डोस घेतला, तर श्वास थांबू शकतो. ओठ निळे पडले, श्वास अगदी मंद झाला आणि हाक मारूनही तो जागा होत नसेल, तर ताबडतोब १०८ ला फोन करा. श्वास चालू असल्यास त्याला कुशीवर वळवा, तोंडात पाणी घालू नका, मदत येईपर्यंत श्वासावर लक्ष ठेवा आणि त्याने काय घेतले हे डॉक्टरांपासून लपवू नका.